प्रसारमाध्यमे आणि लोकशाही : ट्यूनीशिया काय सांगतो?

प्रसारमाध्यमांना आपण लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणतो. पण हा स्तंभ किती भार पेलतो? ट्यूनीशियाचं उदाहरण आम्हाला यासाठी महत्त्वाचं वाटतं.

१९८७ पासून तिथे झैनुल आबिदीन बेन अली यांची हुकूमत होती. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवर सरकारचं गुणगानच चाले. २००८ मध्ये गफ्सा या फॉस्फेट खाणींच्या भागात नोकरभरतीतल्या वशिलेबाजीविरुद्ध लोक उठले. आंदोलन सुमारे सहा महिने चाललं, पण त्याची खबर देशभर पोहोचली नाही आणि ते दडपलं गेलं.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझीद शहरात महंमद बूअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. या वेळी मोबाईलवरची दृश्यं फेसबुकवर गेली. तिथून ती दोह्याच्या अल जझीरा वाहिनीने उचलली आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यांच्याही घरात ती पोहोचली. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली सौदी अरबला पळून गेले.

मग ही क्रांती फेसबुकची होती का? आमच्या मते नाही. बेरोजगारी आणि भ्रष्टाचाराचा राग आधीपासूनच होता. रस्त्यावर कामगार संघटनेच्या स्थानिक शाखा आणि वकील उतरले. माध्यमांनी एका गावाचा राग दुसऱ्या गावाला दाखवला. आपण एकटे नाही, हे कळल्यावर लोकांची भीती मोडली.

पुढचा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. २०१४ च्या राज्यघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवर जाहीर चर्चा झाली. पण त्याच निवडणुकीत नेस्मा या वाहिनीचे सहसंस्थापक नबील करवी अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. म्हणजे सरकारी पकड ढिली झाली, तरी पैसेवाल्यांचा प्रभाव उरलाच.

२५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी अल जझीराचं ट्यूनिसमधलं कार्यालय बंद केलं. २०२२ च्या ५४ क्रमांकाच्या फर्मानाने ‘खोट्या बातमी’साठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. खोटं काय, हे सत्ताच ठरवू लागली की खरं लिहिणाराही कचरतो.

माध्यमं हुकूमशहाला हादरवू शकतात, पण लोकशाही टिकवायला स्वतंत्र न्यायालयं, मजबूत संघटना आणि प्रश्न विचारणारा वाचक लागतो. यातलं शेवटचं काम तरी आपल्या हातात आहे.