राजपत्नी आणि राजसत्ता : चांदबीबीच्या विजापूर पर्वाचा धाराशिव-नळदुर्ग परिसराच्या संदर्भात विचार

मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात चांदबीबीचे नाव घेतले की अहमदनगरचा किल्ला, सुरुंगाने पडलेले खिंडार आणि हाती तलवार घेऊन तटावर उभी असलेली चिलखतधारी स्त्री एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. ते खोटे नाही. परंतु त्या चित्राच्या तेजामुळे तिच्या आयुष्याचा त्यापूर्वीचा, अधिक दीर्घ असा कालखंड झाकोळून गेला आहे. सुमारे वीस वर्षे ती विजापूरच्या दरबारात होती. प्रथम सुलतानाची पत्नी म्हणून आणि नंतर अल्पवयीन सुलतानाची पालक म्हणून. या काळातील तिच्या सत्तेचे स्वरूप नेमके काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा भूप्रदेश आदिलशाही व निजामशाही यांच्या सरहद्दीवर असल्याने या प्रश्नाची काही उत्तरे याच परिसरात सापडतात.

चांदबीबी ही हुसेन निजामशहा पहिला व खुंजा हुमायून यांची कन्या. विजयनगरविरुद्ध दख्खनी सुलतानांची जी युती १५६४च्या सुमारास घडून आली, तिचा एक भाग म्हणून तिचा विवाह अली आदिलशहा पहिला याच्याशी झाला, तर अलीची बहीण हदिया सुलताना निजामशाही घराण्यात दिली गेली. चांदबीबीबरोबर सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून आदिलशाहीकडे आला. या हुंड्याला पूर्वेतिहास आहे. १५२४ साली आदिलशाही राजकन्या बीबी मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूर निजामशाहीस देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि पुढील चार दशके त्यावरून युद्धे होत राहिली. दोन्ही वेळा तहनाम्यातील मुख्य कलम किल्ल्याचे होते, वधू ही त्या कलमाची जणू मोहोर. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या नळदुर्गाचे लष्करी महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटचे युद्ध होऊन विजयनगरचा पराभव झाला आणि युतीचे प्रयोजन संपले. विवाह मात्र राहिला.

अलीस पुत्र नव्हता. १५८० मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा त्याचा पुतण्या इब्राहीम अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच्या संगोपनाची जबाबदारी चांदबीबीकडे आली. कारभार मात्र ज्याच्या हाती फौज त्याच्याकडे, म्हणजे प्रथम कामिलखानाकडे व नंतर किश्वरखानाकडे राहिला. याच वर्षी निजामशाही फौज आदिलशाही मुलखात उतरली आणि फिरिश्त्याने ज्यास ‘धारासेव’ म्हटले आहे त्या ठिकाणी, म्हणजेच धाराशिवजवळ, तिचा पराभव झाला.

या विजयाचा परिणाम मोठा विलक्षण झाला. लढाईत हाती लागलेले हत्ती सरदारांनी आपल्या स्वाधीन करावेत, असा आग्रह किश्वरखानाने धरला. सरदार बिथरले. किश्वरखानास दूर करून बंकापूरच्या मुस्तफाखानाकडे कारभार द्यावा, अशी विनंती चांदबीबीस करण्याचा विचार त्यांच्यात सुरू झाला. किश्वरखानाने मुस्तफाखानाचा खून करविला आणि राजमातेसमान असलेल्या चांदबीबीस साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. दाद मागण्यासाठी सरदारांना ती योग्य वाटली, हे तिच्या नैतिक अधिकाराचे द्योतक आहे. परंतु एक वजीर तिला राजधानीतून उचलून किल्ल्यात डांबू शकतो, यावरून त्या अधिकारामागे लष्करी बळ किती अल्प होते हेही दिसते. हबशी सरदार इखलासखानाच्या उठावानंतर किश्वरखान पळाला व चांदबीबी विजापुरास परतली. पुढे निजामशाही व कुतुबशाही फौजांनी नळदुर्गास वेढा दिला. किल्ला हाती येईना म्हणून त्या विजापुरावर चालून गेल्या व तेथूनही परतल्या. १५८२ पासून दिलावरखानाचा अंमल सुरू झाला आणि तिचा राजकारणातील वावर संपुष्टात आला. इब्राहीमच्या बहिणीच्या विवाहानिमित्त ती १५८४च्या सुमारास माहेरी अहमदनगरास गेली.

समकालीन मॉस्कोचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. झार फ्योदोर पहिला याची पत्नी इरिना गोदुनोवा हीदेखील पतीच्या मागे वारसाविना राहिली. जानेवारी १५९८ मध्ये फ्योदोरच्या मृत्यूनंतर सत्ता काही दिवस तिच्याकडे आली. परंतु तिने नोव्होदेविची मठात प्रवेश करून संन्यास घेतला आणि तिचा भाऊ बोरिस झार झाला. मॉस्कोतील राजविधवेस मठाची वाट उपलब्ध होती. चांदबीबीसमोर माहेर होते, आणि तेथेही तिच्या वाट्यास अल्पवयीन वारसाचे पालकत्वच आले.

डिसेंबर १५९५ मधील मुरादचा वेढा, तटाची रातोरात केलेली दुरुस्ती व वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये झालेला तह हा भाग सुपरिचित असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. मात्र १६०० मधील तिचा अंत विजापूर पर्वाच्या प्रकाशात पाहावा, असे वाटते. दानियालच्या वेढ्यात, बालराजा बहादूरशहाचे प्राण वाचवून किल्ला सोडावा, असे तिचे मत होते. त्यावरून ती मोगलांना फितूर झाल्याची हाकाटी हमीदखानाने केली आणि जमावाने तिची हत्या केली. तिच्या पित्याने १५६१ मध्ये कल्याणीचा किल्ला सोडून दिला होता. पित्याने केला तो तह आणि कन्येने सुचविली ती फितुरी ! सिंहासनाधिष्ठित सुलतानास पराभव पत्करण्याची जी मुभा होती, ती पालक म्हणून कारभार पाहणाऱ्या स्त्रीस नव्हती.

तिच्या प्रतिमेच्या घडणीतही या जिल्ह्याचा अप्रत्यक्ष वाटा आहे. १८५३ पासून काही वर्षे नळदुर्ग येथे डेप्युटी कमिशनर असलेल्या मेडोज टेलरने चांदबीबीवर इंग्रजी कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये ग्रंथरूपाने आली. बहिरी ससाणा हाती घेऊन घोड्यावर निघालेल्या चांदबीबीची प्रसिद्ध चित्रेही तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने, अठराव्या शतकात काढलेली आहेत. अभ्यासकाने ती पुरावा म्हणून वापरताना हे अंतर लक्षात ठेवले पाहिजे.

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला आणि बहादूरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. मलिक अंबर व त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवून निजामशाहीचे ठाणे याच जिल्ह्यातील परांड्यास हलविले. तिने सांभाळलेला इब्राहीम आदिलशहा त्या वेळी विजापुरात राज्य करीत होता. नळदुर्गातील बोरी नदीवरचा बंधारा व त्यातील पाणीमहाल हे त्याच्याच कारकिर्दीत, १६१३ साली बांधले गेले.