यंत्र ढकलायचे कोणी?

दिवाळीच्या सुमारास कसाऱ्याच्या गाडीने निघावे आणि वासिंद, आसनगाव मागे टाकून आटगावला उतरावे, म्हणजे शहापूर तालुक्याचे खरे रूप दिसते. हळवे भात कापून झालेले असते, गरवे अजून उभे असते, आणि माळावरचे गवत हिरवेपणा सोडून पिवळे होऊ लागलेले असते. ठाकूर आणि महादेव कोळी यांच्या पाड्यांवर वाघबारशीची तयारी चालू असते. चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेल्या या मुलखात गवत कमरेइतके वाढते, आणि ते कोणीतरी कापावे लागते. कापणाऱ्याच्या हाती शतकानुशतके विळा होता. आता त्याच गावात, मुंबईकरांनी बांधलेल्या सुट्टीच्या घरांच्या आवारात, यंत्राची घरघर ऐकू येते.

अशा घरांतून हल्ली एक प्रश्न चर्चेला असतो. हाताने ढकलायचे जुने पेट्रोलचे यंत्र आहे. ते काढून आपल्या चाकांनी आपण पुढे चालणारे, अधिक चांगल्या घडणीचे यंत्र घ्यावे का? प्रश्न दिसायला खर्चाचा आहे. परंतु त्याच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलेली आढळते: हे यंत्र ढकलायचे कोणी?

आरंभ इंग्लंडात झाला. तेथील जमीनदारांच्या वाड्यांभोवतीची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई. दहिवराने ओले असताना गवत नीट कापले जाते, म्हणून मजुरांना पहाटेच कामाला लागावे लागे. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा भाग. विणलेल्या कापडावरची लव समान कातरण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे एक यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले, की जे कापडावर साधते ते जमिनीवर का साधू नये? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. शेजारीपाजारी हसतील म्हणून तो रात्री यंत्राची चाचणी घेई, अशी आख्यायिका आहे. जबडा कमीजास्त करता येणाऱ्या पान्ह्याचे श्रेयही याच गृहस्थाला देतात.

बडिंगचे यंत्र ओतीव लोखंडाचे, चांगले जड होते. मागे ढकलण्याची मूठ होतीच. पण पुढेही एक मूठ बसवलेली होती, ती दुसऱ्या माणसाने ओढण्यासाठी! पेटंटाच्या मजकुरात मात्र त्याने सुचवले होते, की खेड्यातल्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवले तर त्यांना करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही मिळतील. सभ्य गृहस्थांनी हा सल्ला कितपत मानला असेल हे पुढच्या मुठीवरूनच ओळखावे. एक नोकर ढकलणार आणि दुसरा ओढणार, हीच व्यवस्था मोठ्या बागांतून सोयीची ठरली असणार.

पुढे स्कॉटलंडात यंत्राला तट्टू जुंपले गेले. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून जनावराच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. १८९३ साली लँकेशायरमध्ये जेम्स सम्नर याने वाफेवर चालणारे यंत्र काढले. पण ते अवजड होते आणि वाफ तयार होईपर्यंत खोळंबून राहावे लागे. १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. हे पेट्रोलचे यंत्र पात्यांबरोबर आपली चाकेही फिरवीत असे. म्हणजे ‘आपोआप चालणारे यंत्र’ ही काही आजची नवलाई नव्हे. त्याची किंमत आणि वजन मात्र असे होते की ते क्रीडांगणांना व मोठ्या बागांना परवडावे, साध्या घराला नव्हे.

साध्या घरापर्यंत यंत्र पोहोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५२ साली सिडनीच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसन याने आपल्या घरी एक हलके यंत्र जुळवले. त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीच फळांचा रिकामा डबा होता. ‘व्हिक्टा’ या नावाने ते ऑस्ट्रेलियात घरोघर गेले. बडिंगच्या यंत्रातली पाती कात्रीसारखी गवत कातरीत. या यंत्रातले आडवे पाते कोयत्यासारखे गरगर फिरून गवत छाटी. इंजिन फक्त पाते फिरवी, चालवणे माणसाच्या पायांवर आणि खांद्यांवर सोपवलेले असे. पुढे इंजिनाचा एक पट्टा चाकांपर्यंत नेऊन तेही ओझे उतरवण्यात आले.

या साऱ्या हकीकतीतून एक नियम हाती लागतो. यंत्राचे पैसे मोजणारा आणि यंत्र ढकलणारा एकच माणूस असला, की यंत्र भराभर सुधारते. सिडनीचा नोकरदार रविवारी स्वतः गवत कापी. त्याच्या खांद्याला रग लागे, म्हणून तो दुकानात जाऊन हलके यंत्र मागे. उलट, पैसे मोजणारा व्हरांड्यात आणि ढकलणारा उन्हात, अशी स्थिती असली की जुने यंत्र वर्षानुवर्षे चालते. व्हरांड्यातून पाहताना यंत्र जड आहे हे कळत नाही.

आपल्याकडे हिरवळ आली ती साहेबाच्या बंगल्याबरोबर. बंगल्याबरोबर माळी आला, आणि माळ्याबरोबर ते हाताने ढकलायचे लोखंडी यंत्र. साहेब गेला, बंगल्यात आपली माणसे राहू लागली, तरी यंत्र तेच राहिले. सरकारी बंगले, जिमखाने, कारखान्यांच्या वसाहती यांच्या हिरवळीवर एक माळी ढकलतो आणि दुसरा दोरी लावून पुढून ओढतो, हे दृश्य अनेक वाचकांनी पाहिलेले असेल. बडिंगची पुढची मूठ इंग्लंडात कालबाह्य झाली. आपल्याकडे तिची दोरी झाली, एवढाच फरक. मजुरी स्वस्त, म्हणून यंत्र बदलण्याची निकड नाही. आणि निकड नाही, म्हणून ढकलणाऱ्याची पाठ दुखतच राहते.

आटगावच्या बाबतीत या कथेला आणखी एक पदर आहे. येथे हिरवळ नवी असली तरी गवत कापण्याचा धंदा फार जुना आहे. ठाणे जिल्ह्यात भाताच्या जमिनीला जोडून वरकस जमीन असते. तिच्यावरचे गवत गुरांना, छपराला आणि राबाला लागते. पावसापूर्वी शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून जाळायचे आणि त्या राखेत भाताचे बी पेरायचे, ही राबाची पद्धत. जंगलाचे नियम कडक झाले तेव्हा राबाच्या या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ साली त्यासाठी एक आयोग नेमावा लागला. ज्या गवताला आज आपण कचरा म्हणून कुंपणाबाहेर टाकतो, त्याच्या मोलाची ही साक्ष आहे.

शिवाय गवताला मुंबईचे गिऱ्हाईक होते. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली. १८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि १९०७ साली विजेच्या ट्राम येईपर्यंत शहराची वाहतूक घोड्यांच्याच पायांवर चालली. त्या घोड्यांना आणि शहरातल्या म्हशींच्या गोठ्यांना लागणारे वैरण-गवत ठाणे जिल्ह्याच्या रानांतून जाई. उत्तरेकडे डहाणू, उंबरगाव या भागांत तर गवत हे जमीनदार आणि व्यापारी यांच्या कमाईचे मोठे साधन बनले. कापणारे मात्र वारली आदिवासी. त्यांच्यापैकी कित्येक वेठीला धरलेले, कित्येक लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे राबणारे लग्नगडी.

या कापणाऱ्यांनी आपला प्रश्न स्वतः विचारला तो १९४५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत, आटगावच्याच रेल्वेमार्गावरील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे काही वारली तेथे आले होते. परत जाऊन त्यांनी आपल्या भागात सभा भरवल्या. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामध्ये जाऊन राहिले. वेठ बंद झाली पाहिजे, ही पहिली मागणी. पाऊस संपून गवत कापणीला आले तेव्हा दुसरी मागणी पुढे आली: पाचशे पौंड गवत कापण्याची मजुरी अडीच रुपये मिळाली पाहिजे. विळे खाली ठेवले गेले. ऑक्टोबरात तलासरीजवळच्या तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्यांचे सोबती बळी पडले. तरीही संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही सगळी हकीकत लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे सारे दिवाळीच्या आगेमागेच घडले, गवत पिकण्याच्या या दिवसांत. इंग्लंडात यंत्राने जे काम केले ते येथे मजुराच्या नकाराने केले: गवत कापणाऱ्याच्या श्रमाला किंमत आहे, हे पैसे मोजणाऱ्याला कळले.

आता आपण आटगावच्या आवारात परत येऊ. घराभोवतीचे गवत येथे कापावेच लागते. ती हौस नव्हे. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात फुरसे, घोणस यांना लपायला जागा मिळते. आवार बहुधा उताराचे, माती ओली आणि मध्येमध्ये काळे दगड. अशा जागी तीस किलोंच्या घरातले यंत्र चढावर ढकलणे म्हणजे काय, हे एकदा ढकलून पाहिल्याशिवाय समजायचे नाही. आपोआप चालणाऱ्या यंत्रात इंजिनाची शक्ती पट्ट्याने चाकांपर्यंत जाते. मुठीवरची दांडी दाबली की यंत्र चालू लागते, सोडली की थांबते. चढाच्या आवाराला मागची चाके फिरवणारे यंत्र घ्यावे, कारण चढताना भार मागे येतो आणि तीच चाके जमीन धरतात. सपाट आणि वळणावळणाच्या आवाराला पुढची चाके फिरवणारे चालते. मूठ दाबून पुढचा भाग उचलला की ते चटकन वळते. वेग कमीजास्त करता यावा, कारण सर्वांची चाल सारखी नसते. मूठ सोडताच पाते थांबते की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी दगड वेचावेत, आणि ओले गवत खाली अडकले तर इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढल्याशिवाय आत हात घालू नये. कमरेइतके वाढलेले गवत आधी विळ्याने किंवा खांद्यावरच्या ग्रास कटरने उतरवावे. चाकांचे यंत्र त्यानंतरचे. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच काढला तर मुळे जोर धरतात.

इतके झाल्यावर खर्चाची गोष्ट येते, आणि येथेच पुष्कळ घरांत विचार अडतो. “आपण कुठे ढकलणार आहोत? पाड्यावरचा माणूस येतो, तोच ढकलतो. मग जास्तीचे पैसे कशाला?” हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण व्हरांड्यातून बोललेले असते. स्वतःच्या खांद्यासाठी जे यंत्र आपण आनंदाने घेतले असते, ते दुसऱ्याच्या खांद्यासाठी महाग कसे ठरते? ढकलणारा दुसरा असेल तर चांगले यंत्र घेण्याचे कारण वाढते, कमी होत नाही. आणि त्याचे काम दोन तास लवकर आटोपले म्हणून त्याची मजुरी कापू नये. यंत्राने वाचवलेला घाम ज्याचा, सवडही त्याचीच.

हिशेबात आणखी एक खाते आहे, ते पाण्याचे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले तेव्हापासून हा तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. तरी चैत्र-वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. तेव्हा उन्हाळ्यात नळी लावून विलायती हिरवळ जगवण्यापेक्षा हरळी आणि मारवेल यांना पावसावर वाढू द्यावे, आणि उन्हाळ्यात त्यांना पिवळे होऊ द्यावे. पाऊस पडला की ती पुन्हा उठतात. कापलेले गवतही जाळून टाकू नये. बारीक झालेले तेथेच पसरले तर मातीला खत होते. विळ्याने कापलेले लांब गवत शेजारच्या गोठ्यात पोहोचवावे. वसुबारसेला गाईची पूजा करणाऱ्या घराने एक भारा गवत तिच्यापुढे टाकणे ही काही मोठी गोष्ट नव्हे.

यंत्र कोणते घ्यावे हे दुकानदार सांगेल. ते ढकलायचे कोणी, हे मात्र घरातल्यांनीच ठरवायचे आहे. निर्णय घेण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने जुने यंत्र एकदा स्वतः उतारावरून वर ढकलत न्यावे. वर पोहोचेपर्यंत किमतीविषयीचे त्याचे मत बहुधा बदललेले असेल.