उंबरठ्याच्या आतली ख्रिस्तसभा

२२ मार्च २०२० हा प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार होता. देशभर जनता कर्फ्यू पाळला गेला तो हाच दिवस. त्यानंतर तीनच दिवसांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली आणि झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार व पुनरुत्थानाचा सण हे सारे तिच्या पोटात गेले. पवित्र आठवडा आला आणि चर्चचे दार लोकांसाठी बंद, हे आमच्या वसईच्या वृद्धांनीही कधी पाहिले नव्हते. त्या दिवसांत आमच्या कुटुंबांनी आपला धर्म घरात कसा सांभाळला, याची नोंद शासकीय परिपत्रकांत सापडणार नाही. म्हणून ती येथे करीत आहोत.

रोगराई आमच्या समाजाला नवीन नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी. त्या साथीच्या खुणा गिरगाव, वांद्रे येथील जुन्या गावठाणांत आजही उभ्या आहेत. प्लेग टळावा म्हणून लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर जमून जपमाळ म्हणण्याचा प्रघात पडला. म्हणजे त्या साथीने प्रार्थनेला घरातून चौकात आणले होते. २०२० सालाने नेमके उलट केले. त्या वर्षी १३ मार्चला महाराष्ट्र शासनाने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, त्याच प्लेगच्या धामधुमीत जन्मलेला. परंतु या खेपेस चौकातल्या क्रूसापाशी जमायचीही मुभा नव्हती. मे महिन्यात क्रूसाजवळ होणाऱ्या सामुदायिक प्रार्थना झाल्या नाहीत. जपमाळ उंबरठ्याच्या आत गेली.

आत तिच्या स्वागताची तयारी कितपत होती? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. प्रवचनांतून हा शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकला होता की तो कानांवरून निघून जाई. घरोघरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्याखाली तांबडा दिवा होता; पण त्या दिव्यापुढे सारे घर एकत्र बसेल अशी वेळ उरली नव्हती. याचा दोष दूरचित्रवाणीच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते अधिक मोठे कारण विरार लोकल हे होते. पहाटे घर सोडणारा मनुष्य रात्री नऊला परतणार, तोवर मुलांचे डोळे मिटलेले आणि आजी एकटीच मणी ओढीत बसलेली. टाळेबंदीत लोकल थांबली. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत, खुली झाली. मधल्या काळात घराला त्याची संध्याकाळ परत मिळाली. पगार कापले गेले होते, हेही विसरता येत नाही.

जपमाळेची पाच रहस्ये घरातल्या माणसांत वाटली गेली. आजीने पहिले घ्यायचे, नातवंडांनी शेवटची. आजीची 'नमो मरिया' मराठीत, इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांची इंग्रजीत. एका माळेत दोन भाषा चालल्या. सुरुवातीला कोणी भरभर म्हणे, कोणी जांभया देई, गुडघे दुखत. पुढे हेतू मोठे होत गेले. रुग्णालयात परिचारिका असलेल्या मुलीसाठी, आखातात अडकलेल्या काकांसाठी, जहाजावरून उतरू न शकणाऱ्या शेजाऱ्यासाठी एकेक रहस्य अर्पण होऊ लागले. आजीने आपल्या सामवेदी बोलीत बोलून दाखविलेला हेतू मुलांना पुरता कळत नसे, मग ती विचारीत आणि आजी सांगे. एरवी या दोन पिढ्यांत एवढे बोलणे क्वचितच होत असे. दादरचा फुलबाजार बंद होता, वाडीतला चाफा झाडाखाली पडून राही. ज्या फुलांवर घर चाले ती फुले ओंजळीने आल्तारावर आली. बाईमाणसाने ती कोणत्या मनाने वाहिली असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

२५ मार्चच्या रोमच्या आदेशाने त्या वर्षीच्या पवित्र गुरुवारच्या उपासनेतून पायधुणीचा विधी वगळला. चर्चमध्ये जे झाले नाही ते काही घरांत झाले. बापाने पितळी घंगाळ्यात मुलांचे पाय धुतले. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून मिरविलेला क्रूस होता. ते दृश्य आमच्या घरांनी मोबाईलवर पाहिले. रविवारची मिस्साही मोबाईलवरच. याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अंथरुणावर बसून, चहाचा पेला हाती धरून पाहिलेल्या मिस्सेने आम्हाला प्रेक्षक बनविले. प्रभुभोजनाची भूक तिने भागली नाही. जपमाळेत मात्र कोणी प्रेक्षक नव्हता.

खरी कसोटी मृत्यूने पाहिली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्यांचे धर्माचा विचार न करता दहन करण्याचा आदेश काढला आणि लगेच तो बदलला. पुढे २२ मे रोजी उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या दफनभूमीसंबंधीच्या याचिकांवर निर्णय देताना, सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला मुभा दिलेली आहे. केरळातील आलप्पुळा धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये दहन करून रक्षा चर्चच्या दफनभूमीत पुरण्याचा मार्ग पत्करलाही. तथापि नियमाची मुभा आणि घराचे मन या दोन वस्तू आहेत. आजोबा-पणजोबा ज्या मातीत निजले त्या मातीत आपल्या माणसाला ठेवता येईल की नाही, या धास्तीत कुटुंबांनी रात्री काढल्या. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. रुग्णालयातून गुंडाळून आलेल्या देहावर तोंड पाहण्यापुरताही पडदा बाजूला होत नसे. रात्रभर मृताजवळ बसून प्रार्थना म्हणणारे शेजारी आपापल्या घरी दिवा लावून बसले; फोन उघडा ठेवून एका घराने अर्धी प्रार्थना म्हणायची, दुसऱ्याने उरलेली.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. पासष्ट वर्षांवरील वृद्धांनी व दहा वर्षांखालील मुलांनी घरीच राहावे, असा सल्ला होता. ज्यांनी आठ महिने पहिले आणि शेवटचे रहस्य म्हटले, ती आजी आणि ती नातवंडे घरीच राहिली. पुढच्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार ४ एप्रिलला आला आणि ५ एप्रिलला दारे पुन्हा बंद झाली. या वेळी घरांना काही शिकवावे लागले नाही. माळ खुंटीवरच होती. दारे पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ च्या गुरुवारी. शेजारच्या घरांत तो घटस्थापनेचा दिवस होता. आमच्या दिनदर्शिकेत जपमाळेच्या मातेचा सण.