पाय उचलू नका!

मागच्या पावसाळ्यात घाटात पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेकवर जोरात पाय दिला आणि पेडल पायाखाली थडथडायला लागलं. वाटलं, ब्रेक गेला! घाबरून पाय उचलला, मग परत दाबला. टेम्पो हातभर अंतरावर राहिला तो निव्वळ नशिबाने. घरी आल्यावर कळलं की ब्रेक ठणठणीत होता. ते एबीएस होतं आणि चूक माझी होती. मग सगळा वीकेंड त्याच्या इतिहासात घालवला.

गंमत म्हणजे ही गोष्ट सुरू होते विमानापासून. विमान उतरताना चाक जाम झालं की टायर घासून फुटायचे. म्हणून १९५० च्या दशकात डनलॉपने 'मॅक्सारेट' आणलं. त्यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नाही, नुसतं एक फ्लायव्हील. चाक एकदम मंदावलं तरी फ्लायव्हील आपल्याच वेगात फिरत राहतं; दोघांत फरक पडला की झडप उघडून ब्रेकचा दाब सुटतो. १९६६ च्या जेन्सन एफएफ या इंग्लिश गाडीत हेच बसवलं. पण त्या गाड्या बनल्या जेमतेम ३२०.

जर्मनीत मर्सिडीजवाल्यांनी १९७० मध्येच इलेक्ट्रॉनिक एबीएस चालवून दाखवलं होतं. मग गाडी ग्राहकाच्या हातात यायला १९७८ का उजाडलं? कारण आपल्या ओळखीचंच: डेमो चालला, पण प्रॉडक्शनला टिकेना! अ‍ॅनालॉग सर्किटमध्ये सुमारे हजार सुटे भाग होते. बॉशने डिजिटल सर्किट वापरून ते १४० वर आणले, तेव्हा कुठे ते एस-क्लासमध्ये बसलं.

पुढे १९८० च्या दशकात त्याच सेन्सरवर ट्रॅक्शन कंट्रोल आलं. हिशोब तोच, फक्त उलटा: ब्रेक लावताना जाम होणारं चाक सोडवायचं, तर वेग घेताना जागच्या जागी गरगरणारं चाक आवरायचं.

आता त्या थडथडीबद्दल. झडपा सेकंदात कित्येक वेळा दाब सोडतात, पंप तेल परत ढकलतो, तेच धक्के पायाला लागतात. चाक फिरत राहिलं तरच स्टिअरिंग ऐकतं, त्यासाठी हा खटाटोप. सुट्या खडीवर मात्र गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.

तेव्हा मंडळी, पेडल थडथडलं तर पाय दाबूनच ठेवा आणि गाडी वळवा. आठ वर्षं खपून लोकांनी केलेलं काम मी एका क्षणात बंद पाडलं होतं!