धौलीच्या खडकावरचा अधिकाऱ्यांचा धडा

प्रशासनातल्या सचोटीची गोष्ट निघाली की आपल्याला पहिल्यांदा लाच आठवते. आज आपण जो लेख बघणार आहोत, त्यात लाचेचा शब्दही नाही. तरीही तो अधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दलच आहे.

भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. तिथल्या खडकावर अशोकाचे लेख कोरलेले आहेत. आपल्या नालासोपाऱ्याला ज्या मालिकेतल्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, तीच ही मालिका. पण इथे एक फरक आहे. इ.स.पू. 261 च्या सुमारास झालेल्या कलिंग युद्धाचा पश्चात्ताप तेराव्या लेखात आहे, आणि तोच लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. इथे दोन वेगळे लेख आहेत. त्यातला पहिला तोसली नगरात न्यायनिवाडा करणाऱ्या महामात्रांसाठी आहे.

राजा त्यांना सांगतो, की सगळी माणसं मला लेकरांसारखी आहेत आणि त्यातले हजारो जीव तुमच्या हाती दिलेत. पण माझ्या म्हणण्याचा आवाका तुम्हाला पुरता कळलेला नाही. एखाद्याला विनाकारण कैद होते, छळ होतो, आणि त्याच्यापायी इतरही हाल भोगतात.

असं का होतं? लेखात सात कारणं दिलीत: मत्सर, पटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. आता बघा, यातला थकवा किंवा घाई हा काही गुन्हा नाही. पण ज्याच्या सहीनं माणूस आत जातो, त्याची घाई दुसऱ्याच्या आयुष्यावर बेतते. अप्रामाणिक नसलेला अधिकारीसुद्धा अन्याय करू शकतो, हे या यादीनं ओळखलंय.

मग उपाय काय? हा लेख तिष्य, म्हणजे आपल्या पुष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचा. मधल्या काळातही प्रसंगाप्रसंगानं ऐकवायचा, ऐकणारा एकटाच असला तरी. शिवाय दर पाच वर्षांनी राजा एक सौम्य स्वभावाचा अधिकारी पाहणीला पाठवणार. उज्जैन आणि तक्षशिलेहून तर तीन वर्षांच्या आतच असा अधिकारी निघायचा.

2013 पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. चांगलंच झालं. पण पेपर नोकरीआधी असतो. राग, घाई, थकवा हे सगळं खुर्चीत बसल्यावर येतं. तोसलीची शिकवणी त्या खुर्चीतल्या माणसासाठी होती, आणि तिच्यामागे तपासणीही होती.

जिंकलेल्या मुलखातल्या माणसाची राजाशी गाठ कुठली पडायला? त्याची गाठ पडते ती महामात्राशी. तो त्या दिवशी कसा वागला, तेच त्या माणसासाठी राज्य.