बडोद्याच्या वाडीतली उसळ

आपल्याकडे ‘वाडीला जाऊन आलो’ म्हटलं की लोक सावंतवाडी समजतात. मी गेलो होतो ती वाडी बडोद्याची, जुन्या शहरातली. १७३४ साली गायकवाडांनी बडोदा जिंकलं आणि त्यांच्यामागून मराठी शिलेदार, भटजी, कारकून तिथं जाऊन राहिले. मीही कारकूनच, म्हणून कुतूहल जास्त!

तिथं सेव-उसळ खाल्ली. वाटाण्याची पातळ उसळ, वर लालभडक तरी, मूठभर शेव, पातीचा कांदा आणि सोबत पाव. उसळ मराठी, शेव गुजराती. आणि पाव? तो शब्दच पोर्तुगीज. तरीतली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच भारतात उतरली. म्हणजे या बशीत आपला गोवाही आहेच की!

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० रोजी बडोदा गुजरातेत गेलं. दरबार संपला, दप्तरातली मराठीही गेली. गुजराती गिऱ्हाईक मात्र आजही ‘उसळ’च मागतं. ऐकून बरं वाटलं, पण काळजीही वाटली. गोव्यातली आपली मराठी उद्या अशी नुसती खाण्याच्या नावांपुरती उरली तर?