क्वारीमेन : एका शाळकरी वाद्यवृंदाची कथा

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें म्हणतात. परंतु ‘बीटल्स’ या जगद्विख्यात वाद्यवृंदाचें मूळ मात्र शोधण्याजोगें आहे. लिव्हरपूल शहरांतील क्वारी बँक शाळेचा विद्यार्थी जॉन लेनन यानें १९५६ सालीं कांहीं मित्र जमवून एक वाद्यवृंद काढला व शाळेच्या नांवावरून त्यास ‘क्वारीमेन’, म्हणजे खाणींतील दगडफोडे, असें नांव दिलें.

लॉनी डॉनेगन या गायकाच्या ध्वनिमुद्रिकेमुळें त्या वर्षीं ‘स्किफल’ हा संगीतप्रकार इंग्लंडांतील तरुणांत पसरला होता. त्याचें मर्म स्वस्ताईंत होतें. बोटांत अंगुस्तानें घालून कपडे धुण्याची पन्हळी फळी घासली कीं ताल मिळे; चहाची रिकामी पेटी पालथी घालून तिला दांडा व दोरी जोडली कीं खर्जाचा स्वर निघे. शिक्षकाचा व वाद्यांचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांनाहि त्यामुळें संगीताचें दार उघडलें.

६ जुलै १९५७ रोजीं वुल्टन उपनगरांतील सेंट पीटर चर्चच्या जत्रेंत ही मंडळी वाजवीत होती. लेननच्या आईनें त्याला बँजोच्या रीतीनेंच गिटार शिकविली होती. ती सुरांत लावणेंहि त्याला नीट साधत नसे. त्या दिवशीं पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशीं त्याची ओळख झाली. पॉलनें एक अवघड गाणें शब्द न चुकतां म्हणून दाखविलें. लेननपुढें पेंच पडला. आपल्याहून सरस मुलगा आंत घेतला, तर आपलें पुढारीपण टिकेल काय? अखेर त्यानें वाद्यवृंदाचें हित पाहिलें. १९५८ मध्यें जॉर्ज हॅरिसन आला. मात्र गुणी येत गेले, तसे पहिले सोबती एकेक करून गळाले.

त्याच वर्षीं पांच जणांनीं पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणशाळेंत दोन गाण्यांची एकच तबकडी करून घेतली. ती आळीपाळीनें एकेकाच्या घरीं जाई. शेवटीं ती पियानो वाजविणाऱ्या जॉन डफ लो याजकडे राहिली. पुढें तिघे कीर्तीच्या शिखरास पोंचले. १९८० मध्यें लेननचा न्यूयॉर्क येथें खून झाला. त्यानंतर १९८१ सालीं मॅकार्टनीनें ती तबकडी विकत घेतली.

१९९७ मध्यें, त्या जत्रेस चाळीस वर्षें झालीं तेव्हां, पहिल्या सोबत्यांपैकीं हयात असलेले पुन्हां वुल्टन येथें जमले व वाजविते झाले. कीर्ति तिघांच्या वांट्यास आली. पण वाजविण्याचा आनंद मागें राहिलेल्यांपासून कोणी हिरावून घेतला नव्हता.